आधी पाणी म्हणायला शिका

सर,

काल तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. प्राचार्यांनी दोनदा माझं नाव घेतलं. "वनिता मॅडम तर सरांच्याच विद्यार्थिनी. आता सरांचाच विषय शिकवतात. त्यांनी दोन शब्द सांगावेत." मी बसल्या जागेवरून हात जोडले. सगळ्यांना वाटलं, मला भरून आलंय. शेजारी बसलेल्या मॅडमनी माझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला. मला भरून आलं नव्हतं. मला राग आला होता, आणि हार घातलेल्या फोटोसमोर तो काढायचा कसा, हे मला कळेना.

एकानं तुम्हाला फणस म्हटलं. पुढच्यानं नारळ म्हटलं. म्हणजे वरून काटे, वरून करवंटी, आणि आत काय ते गोड. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "सर विद्यार्थ्यांनासुद्धा अहो-जाहो करायचे. जव्हारसारख्या ठिकाणी, जिथे पोरांना घरीदारी कुणी अहो म्हणत नाही, तिथे सरांनी त्यांना मान दिला." लोकांनी माना डोलावल्या. खरं आहे, तुम्ही अहो-जाहो करायचात. "अहो बाई, कशाला येता तुम्ही वर्गात?" हेही तुम्ही अहो-जाहोतच विचारायचात. अरे-तुरेतला अपमान अंगावरून निघून जातो. घरी आई-बाप तसंच बोलतात, त्याची सवय असते. तुमचा 'अहो' मात्र आत जाऊन बसायचा.

सभा संपल्यावर चहा झाला आणि मी खोलीवर आले. आज रविवार. सकाळी एका ठिकाणी जाऊन आले, ते शेवटी सांगते. त्याआधीचं सांगते, कारण ते तुम्हाला आठवत नव्हतं. मी विचारलं तेव्हा तुम्ही तसं म्हणालात.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. मी पोशेऱ्याची, सुरेखा दाभोशाची. दोघींचे आई-बाप मजुरीवर जाणारे, दोघीही आश्रमशाळेत शिकून आलेल्या आणि वसतिगृहात एका खोलीत. तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर भिंतीच्या बाजूला ती बसायची, तिच्या शेजारी मी. फ्लुइड डायनॅमिक्स, म्हणजे वाहत्या पाण्या-हवेचं गणित, हा पेपर घेणारे आम्ही मोजकेच होतो. बाकीच्यांनी सोपे, मार्क देणारे पेपर घेतले होते. हा पेपर घ्यायचा हे सुरेखानं ठरवलं, मी तिच्यामागून गेले.

ध्रुवीय निर्देशक, म्हणजे तुम्ही पोलर कोऑर्डिनेट्स म्हणायचात ते, पहिल्यांदा फळ्यावर आले तेव्हा मला काही उमगलं नव्हतं. शाळेपासून बिंदू म्हणजे एक्स आणि वाय, आडवं इतकं आणि उभं इतकं. आता एकदम r आणि थीटा. वसतिगृहात रात्री जेवणाच्या रांगेत सुरेखानं मला ते सांगितलं, ताट हातात धरून. "अगं, गावात वाट सांगतात तसाच हाय हा. इथून किती लांब, न् कुठल्या अंगाला. झाला." मला त्या दिवसापासून पोलर कधी अवघड गेलं नाही. हे श्रेय काल सभेत तुमच्या नावावर जमा झालं. म्हणून पहिल्यांदा तेवढं वेगळं काढून ठेवते.

तुमचं जे आहे ते तुम्हाला देते. तुम्ही उगमाचा प्रवाह शिकवलात तो तास. जमिनीतल्या एका बिंदूतून पाणी वर येतंय आणि सगळ्या दिशांना सारखं पसरतंय. तुम्ही त्याचा वेग आधी एक्स-वायमध्ये मांडायला घेतला. फळ्याचा अर्धा भाग भरला, मग दुसरा अर्धा. छेदात वर्गांची बेरीज, अंशात पुन्हा एक्स, खाली पुन्हा वाय. आम्ही माना खाली घालून उतरवत होतो. मग तुम्ही थांबलात. काही न बोलता डस्टर घेतलात आणि सगळा फळा पुसलात. मधोमध एक वर्तुळ काढलंत, केंद्रातून बाहेर बाण काढलेत आणि खाली एक ओळ लिहिलीत. बाहेर जाणारा वेग r च्या व्यस्त प्रमाणात, फिरणारा वेग शून्य. एवढंच. तुम्ही म्हणालात, "पाण्याला एक्स-वाय माहीत नाही. ते वर्तुळात जातंय, तर तुम्ही चौकटीत का मोजताय?"

माझ्या अंगावर शहारा आला होता, सर. मी आजही तो तास तसाच घेते. आधी फळा भरते, मग पुसते. पोरांचे चेहरे बघते. त्या वेळी तुमच्याबद्दल जे वाटतं ते मी काल बोलू शकले असते. पण मग पुढचंही बोलावं लागलं असतं.

दिवाळीनंतर सुरेखा काही आठवडे आली नाही. घरची माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती, आईला बरं नव्हतं, म्हणून आईच्या जागी ही गेली. परत आली तेव्हा हाताची सालं निघालेली होती. तास सुरू झाल्यावर ती दारात उभी राहिली. "येऊ का सर?"

तुम्ही खडू खाली ठेवलात. "अहो, या ना. विटा मोजून झाल्या सगळ्या?"

वर्ग हसला. ती आत येऊन बसली. माझ्याकडे बघून तिनं नुसत्या भुवया उडवल्या, म्हणजे जाऊ दे. तिला ते लागलं नव्हतं, निदान तिनं तसं दाखवलं नाही. तुम्ही तिथेच सोडलं असतंत तर कदाचित आज मी तुम्हाला नारळ म्हटलं असतं.

पण तुम्ही तिला फळ्याकडे बोलावलंत. तिचे बुडालेले तास भरून निघालेले नसताना. उगमाचं चित्र काढलंत आणि विचारलंत, "दुप्पट लांब गेल्यावर वेगाचं काय होतं? का होतं? सूत्र सांगू नका, कारण सांगा."

तिनं थोडा वेळ चित्राकडे बघितलं. मग म्हणाली, "निम्मा होतो सर. पानी तेवढाच हाय. बाहेरचा गोल मोठा हाय. तेवढाच पानी मोठ्या गोलातून जायचा, मंग हळू जाणार."

वर्गात कुणालाही याच्यापेक्षा बरं उत्तर देता आलं नसतं. तुम्हालाही ते कळलं होतं. मी तुमच्याकडे बघत होते. एक क्षण तुमच्या चेहऱ्यावर आनंद आला होता, खरा आनंद, आणि मग तुम्ही तो गिळलात. का गिळलात? इतकी वर्षं मी हा प्रश्न घेऊन फिरतेय.

"पानी नव्हे," तुम्ही म्हणालात. "पाणी. बाणातला ण. म्हणा."

"पानी."

"पा-णी."

"पानी," ती म्हणाली. तिला तो फरक ऐकूच येत नव्हता, सर. आमच्या घरी सगळेच तसं बोलतात. माझा ण आश्रमशाळेतल्या एका बाईंनी पट्टीनं बसवला होता, तिचा राहून गेला होता. तुम्ही तिला पुन्हा म्हणायला लावलंत. आणि पुन्हा. मागच्या बाकावरून कुणीतरी तिच्यासारखा आवाज काढला. सगळे खिदळले. तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत. तुम्ही तिच्या हातातला खडू काढून घेतलात आणि म्हणालात,

"आधी पाणी म्हणायला शिका. मग त्याचा वेग मोजू."

ती जागेवर आली. तास संपेपर्यंत वहीत सगळं उतरवत राहिली. खोलीवर गेल्यावर मी म्हटलं, "सोड गं, त्यांची खोडच आहे ती." ती म्हणाली, "हां." दुसऱ्या दिवशी मी पहिल्या तासाला गेले तेव्हा ती झोपलेली होती. दुपारी परत आले तर तिची वळकटी नव्हती. दाभोशाच्या जीपनं गेली, असं वसतिगृहातल्या मावशींनी सांगितलं.

त्या दिवशी तुम्ही हजेरी घेतलीत. तिच्या नावाला कुणी ओ दिली नाही. तुम्ही पुढचं नाव घेतलंत.

मी राहिले. का राहिले, ते मलाही धड सांगता येत नाही. थोडी जिद्द, थोडी भीती, आणि थोडं हेही की तुम्ही पुढच्या तासाला काय शिकवणार याची मला ओढ लागलेली होती. हेच मला सर्वांत जास्त टोचतं. तुम्ही भोवरा शिकवलात. मी म्हटलं, भोवऱ्यात सापडलेलं पान गोल फिरतं तेव्हा स्वतःभोवतीही फिरणारच. तुम्ही नाही म्हणालात. मी अडून बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्कूटरवर पायाशी बादली ठेवून आणलीत. तळाला भोक पाडलेली, बूच लावलेली. व्हरांड्यात दोन विटांवर ती ठेवलीत, पाणी भरून जरा ढवळलंत आणि बूच काढलंत. काडेपेटीतल्या दोन काड्यांची फुली करून पाण्यावर सोडलीत. फुली भोकाभोवती चक्कर मारत राहिली आणि तिचं एक टोक सारखं कार्यालयाच्या दाराकडेच रोखलेलं राहिलं. मधल्या भोकाजवळ गेल्यावर काय ती गरगरली.

मी हरले होते.  बादलीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घातलंत आणि निघून गेलात. दुसरा कुणी असता तर मी त्या दिवशी त्याच्या पाया पडले असते. तुमच्याबाबतीत मला एवढंच वाटलं, की याच्याकडे हेही आहे. मग सुरेखाच्या वाट्याला दुसरंच का आलं?

आणि मग सिलिंडरचा तास. सरळ वाहणाऱ्या प्रवाहात एक गोल खांब उभा. तुम्ही आरंभबिंदू खांबाच्या मध्यावर ठेवलात आणि सगळं गणित दोन ओळींत आलं. खांबाच्या पृष्ठभागावर आत शिरणारा वेग शून्य, म्हणजे पाणी खांबाला चाटून बाजूनं जातं. समोर शून्य वेग, मागे शून्य वेग, दोन्ही बगलांना दुप्पट. पुढचं चित्र आणि मागचं चित्र आरशातल्यासारखं एक. म्हणून पुढून जेवढा दाब, मागून तेवढाच. एकूण जोर शून्य.

मी हात वर केला. पोशेऱ्याच्या खाली आमचा ओहोळ आहे. पावसात तो ओलांडून शाळेला जावं लागायचं. आई माझा दंड धरायची, आणि तरी पाय उपटून निघेल असं वाटायचं. मी म्हटलं, "सर, मग ओहोळात उभं राहिलं की पाय का ओढले जातात? पाय गोलच असतात."

तुम्ही हसलात. तुमचं ते दुर्मिळ हसू. "चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर पुढच्या शिक्षणात मिळतं. तुम्ही तिथपर्यंत गेलात तर."

गेलात तर. मी ते शब्द घेऊन मुंबईला गेले, सर. एम.एस्सी.ला. पहिल्याच सत्रात मी अडकले, दोन खांबांमधून जाणारा प्रवाह होता आणि काही केल्या सुटत नव्हता. वर्गात माझी बोलायची हिंमत नव्हती. इथे तर मी आश्रमशाळेत बसवलेला ण घेऊनही गावंढळच होते. मी तुम्हाला फोन केला. कशा आहात, जेवता का, तुम्ही काहीही विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, "आरंभबिंदू कुठे ठेवलात?" मी सांगितलं. "चुकीच्या जागी ठेवलात. दोघांच्या मध्ये ठेवा." मग बराच वेळ तुम्ही एकेक पायरी सांगत राहिलात, मी लिहीत राहिले. शेवटी "हं" म्हणून फोन ठेवून दिलात. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे वाक्य मी इथे लिहिते आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

पायांचं उत्तरही तिथेच मिळालं. दुसऱ्याच एका सरांनी सहज, चहा पिता पिता सांगितलं. खऱ्या पाण्याला चिकटपणा असतो. कातडीला लागून त्याचा एक पातळ थर असतो, तो मागच्या बाजूला सुटतो, तिथे पाणी खळबळतं, मागचा दाब पडतो, आणि पाय ओढला जातो. तुमचं सुंदर गणित तो थर सोडून देतं. सांगायला किती वेळ लागला असता, सर? तुमचं एक वाक्य.

मी परत जव्हारला आले. आधी तासिका तत्त्वावर, मग नेमणूक झाली. तुम्ही विभागप्रमुख होतात. मी सिलिंडर शिकवला त्याच तासाला पोरांना तो पातळ थरही सांगून टाकला. तुम्हाला कळलं. त्या वर्षी वर्गाची सहल घेऊन आपण शिरपामाळला गेलो होतो. पोरं डबे सोडून बसली होती. आपण दोघं कठड्याजवळ उभे होतो, तुमच्या हातात तुमचा तो घरून आणलेला स्टीलचा कप.

"तुम्ही मुलांचा गोंधळ करताय," तुम्ही म्हणालात. "आधी त्यांना शुद्ध रूप नीट बघू दे."

"सर, शुद्ध रूपात खांबावर जोरच येत नाही. ही पोरं ओहोळ ओलांडून येतात. त्यांना वाटेल, गणित खोटं आहे."

"खोटं नाहीच. अपुरं आहे. आणि ते अपुरं आहे हे ज्याचं त्याला कळू दे. तुम्हाला मी सांगितलं नाही. म्हणून तर तुम्ही गेलात."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे?"

"त्या दिवशी उत्तर दिलं असतं तर तुम्ही समाधानानं गप्प बसला असतात. बी.एड. करून आश्रमशाळेत लागला असतात. राग आला म्हणून मुंबई गाठलीत."

तुम्ही हे अभिमानानं म्हणालात. मला घडवण्याचा हिशेब तुम्ही मनात मांडून ठेवला होता आणि त्यात मी जमेला होते. मी म्हटलं, "आणि जे गेले नाहीत त्यांचं काय?"

तुम्ही कपातला चहा संपवलात. "जे गेले नाहीत, ते तसेही गेले नसते."

त्यावर मी काय बोलणार होते ते मला अजून शब्दाशब्दानं पाठ आहे. पण तेवढ्यात नाशिककडून आलेलं एक कुटुंब तुमच्याजवळ आलं. "काका, आमचा एक फोटो काढता का?" तुम्ही त्यांचा मोबाईल घेतलात. आजीबाईंना उन्हाकडे पाठ करून उभं केलंत, लहान मुलीला पुढे घेतलंत, सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलंत. इतक्या मायेनं. दोन फोटो काढलेत, नीट आलेत का ते त्यांना दाखवलंत. मी तुमच्याकडे बघत राहिले. माझं बोलणं राहिलं. मग तुम्ही निवृत्त झालात, आणि आपल्यात उरलं ते फक्त रस्त्यात दिसलं की नमस्कार.

ते राहिलेलं आता बोलते. तुम्ही आम्हाला शिकवायचात की गणित कसंही मांडा, आरंभबिंदू कुठे ठेवताय ते आधी बघा. तुम्ही तुमचा आरंभबिंदू स्वतःच्या पायाशी ठेवलात, सर. तुमच्यापासून किती लांब गेलो, कुठल्या दिशेला गेलो, तेवढंच तुम्ही मोजलंत. जी मुलगी फळ्याजवळून परतली आणि दाभोशाच्या जीपमध्ये बसली, ती तुमच्या मोजमापात कधी आलीच नाही. मी रागानं पुढे गेले हे खरं असेल. पण राग झेपायला मागे काहीतरी लागतं. माझ्या आईनं कुठून कुठून करून मला मुंबईला पाठवलं. सुरेखाच्या घरी आजारी आई होती आणि भट्टीवर तिची जागा मोकळीच होती. दोघींना तुम्ही एकच धक्का दिलात आणि जी उभी राहिली तिच्याकडे बोट दाखवून म्हणालात, बघा, धक्का किती चांगला होता.

काल तेच सगळे म्हणत होते. कठोर होते म्हणून आम्ही घडलो. अर्थात. सभेला घडलेलेच येतात.

दोन महिन्यांपूर्वी तुमची तब्येत बिघडल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या खोलीवर आले होते. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, दम लागत होता. शेजारच्या वहिनी तुमचं सगळं बघत होत्या. तुम्ही विचारलंत, "सिलिंडर झाला का शिकवून?" मी म्हटलं, "या आठवड्यात घेईन." तुम्ही मान हलवलीत. मग मी विचारलं. आजारी माणसाला विचारू नये, तरी विचारलं.

"सर, सुरेखा आठवते? माझ्या शेजारी बसायची."

"कोण सुरेखा?"

"दाभोशाची. तुम्ही तिला फळ्याजवळ उभं करून पाणी म्हणायला लावलं होतं."

तुम्ही खरंच आठवायचा प्रयत्न केलात. कपाळाला आठ्या घातल्यात. मग म्हणालात, "मी सगळ्यांनाच लावायचो."

तुम्ही खोटं बोलत नव्हतात. मला त्या क्षणी कळलं, की तुमच्या मनात तिच्याविषयी काही वाईट नव्हतं. काहीच नव्हतं. मी इतकी वर्षं ज्या गोष्टीचा राग धरून होते, ती तुमच्या दृष्टीनं घडलीच नव्हती. वहिनींनी चहा आणला. मी तो प्यायले आणि निघाले. दारात तुम्ही हाक मारलीत, "वनिताबाई, तो थर सांगताय अजून मुलांना?" मी म्हटलं, "हो सर." तुम्ही म्हणालात, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला लागला नाही. आता लागणारही नाही.

आज सकाळी मी दाभोशाला गेले. सुरेखाचं लग्न गावातच झालंय. आठवडी बाजारात आम्ही भेटायचो, पोराबाळांचं बोलायचो, तुमचं नाव मात्र दोघींपैकी कुणीही काढत नव्हतं. आज मला ते काढायचं होतं. ती अंगण शेणानं सारवून उडीद वाळत घालायच्या तयारीत होती. दोन दिवसांनी सगळी माणसं पुन्हा भट्टीवर जायची, त्याआधीची आवराआवर. मला बघून हात धुऊन आली.

"आज कशी काय आलीस? जीपनं?"

"हो. सर गेले गं."

तिला कोण ते विचारावं लागलं नाही. ती ओट्यावर बसली. "कदी?"

"मंगळवारी."

ती म्हणाली, "त्यांना माझी आठवण व्हती का?"

मला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. मेलेल्या माणसाच्या नावानं एक चांगलं वाक्य, आणि तिलाही बरं वाटलं असतं. पण तुमच्यासाठी मी खोटं बोलणार नव्हते. "नव्हती," मी म्हटलं. "मी विचारलं होतं."

"हां." तिनं पदरानं हात पुसले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "मना त्यांची हाय. रोज नाय. पन हाय." मग तिनं विचारलं, "मी गेले त्याच्या पुढं काय शिकवला त्यांनी?"

मला आधी कळलंच नाही. "पुढं म्हणजे?"

"पानी गोलातून बाहेर जायचा, तिथवर मी व्हते. पुढं काय व्हता?"

मी चपला काढून अंगणाच्या कडेला मातीत बसले. एक काटकी घेतली. वर्तुळ काढलं, मध्ये बिंदू. डावीकडून येणाऱ्या रेषा, खांबाला वळसा घालून जाणाऱ्या. बाजूला सूत्र लिहिलं. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली आणि बघू लागली. मी सांगत गेले, पुढे शून्य, बगलांना दुप्पट. ती मान हलवत होती. मग तिनं सूत्रातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं.

"हा काय?"

"थीटा. कोन."

"थीटा," ती म्हणाली. ओळखीचा, पण चेहरा न आठवणारा माणूस समोर यावा तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. "किती लांब न् कुठल्या अंगाला," मी म्हटलं, "तूच तर सांगितलं होतंस मला, ताट घेऊन उभी असताना." तिला ते आठवेना. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती, मनापासून ऐकत होती, आणि मला दिसत होतं की ते तिच्यापर्यंत पोचत नाहीये. ज्या मुलीनं सूत्राशिवाय कारण सांगितलं होतं ती मुलगी आता कुठेच नव्हती. मला वाटत होतं की ती अजून कुठेतरी तशीच असेल. मी तसंच धरून चालले होते.

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती "आले" म्हणाली, पण उठली नाही. त्या चित्राकडे बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं,

"वनी, मना येत व्हता ना गं हा?"

सर, हे तुम्हाला विचारायला हवं होतं. त्याचं उत्तर देण्याचा अधिकार तुमचा होता. फळ्याजवळ उभी असताना, खडू हातात असताना, तो आनंद तुमच्या चेहऱ्यावर आला होता तेव्हा तुम्ही ते द्यायचं होतं. तुम्ही दिलं नाहीत. म्हणून ते मी दिलं.

"येत होतं," मी म्हटलं. "आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. सरांना माहीत होतं ते."